एका बेटावर उतरा, बाकीची काठावरून बघा

खानापूर तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलंय. घरात सहा माणसं: नवरा-बायको, सत्तरी ओलांडलेले सासू-सासरे, तेरा वर्षांचा मुलगा आणि नऊ वर्षांची मुलगी. मालवण आणि सिंधुदुर्ग दोनदा झालाय. आता दसऱ्याच्या नाहीतर नाताळच्या सुट्टीत चार दिवस काढून कारवारपासून मालपेपर्यंतची सगळी बेटं करायची आहेत. गाडी घरची आहे. मुलाला नेत्राणीला स्कूबा करायचंय, तर सासूबाई बोटीचं नाव काढलं की लांबूनच हात जोडतात. जमेल का, आणि आधी कुठलं बेट धरायचं?

ताई, जमेल. फक्त 'सगळी बेटं' हे दोन शब्द आधी खोडून टाका. बेळगावातून माणसं घेऊन मी बावीस वर्षं ह्या किनाऱ्यावर जातोय. पहिली काही वर्षं ट्रॅक्सने, आता टेंपो ट्रॅव्हलरने. ह्या बावीस वर्षांत ज्यांनी एका दमात तीन बेटं मागितली, ते तिन्हींवर घाईने फोटो काढून आले, नाहीतर बंदरावर बसून परत आले. एका बेटावर नीट उतरा. दुसरं बोटीतून जमलं तर बघा. बाकीची काठावरून दिसतात, आणि त्यातली काही काठावरूनच बघण्यासारखी आहेत, कारण तिथे उतरू देतच नाहीत.

आधी नकाशा डोळ्यापुढे आणा. उत्तरेकडून निघालं की कारवारजवळ, काळी नदीच्या मुखाच्या आसपास, अंजदीव, कूर्मगड, देवगड अशी बेटं आहेत. हा देवगड म्हणजे आपला हापूसचा देवगड नव्हे, इथे दीपगृह आहे. खाली होन्नावरला, शरावती समुद्राला मिळते तिथे, बसवराज दुर्ग. मुरुडेश्वरसमोर खोल समुद्रात, किनाऱ्यापासून साधारण १९ किलोमीटरवर, नेत्राणी. आणि शेवटी उडुपीजवळ मालप्याची चार मुख्य बेटं, एका ओळीत दक्षिणोत्तर पसरलेली. त्यांना सेंट मेरीज म्हणतात. कारवार ते मालपे रस्त्यानेच दोनशे किलोमीटरच्या वर भरतं. नकाशावर ही बेटं माळेतल्या मण्यांसारखी दिसतात, पण एका मण्यावरून दुसऱ्यावर नेणारी बोट नाही. प्रत्येक ठिकाणी गाडीने जायचं, बंदर शोधायचं, बोट वेगळी करायची.

तुमच्या घरासाठी उतरायचं बेट एकच: मालपे. बोटी ठरलेल्या, तिकीटखिडकी आहे, अंतर सहाएक किलोमीटर, अर्ध्या तासात माणूस पलीकडे. चारातल्या नारळाच्या झाडांच्या बेटावर, म्हणजे कोकोनट आयलंडवर, सगळे जातात. नॉर्थ आयलंड, दर्याबहादूरगड आणि साउथ आयलंड बोटीतूनच दिसतात. दर्याबहादूरगड हे नाव ऐकून आपल्या गटातली निम्मी माणसं 'महाराजांचा किल्ला काय?' म्हणून विचारतात. तसं नाही. हा मुलूख बिदनूरच्या नायकांचा होता.

आता वेळ. दसरा मला पटत नाही. कर्नाटकातल्या शाळांना दसऱ्याला मोठी सुट्टी असते आणि कोल्हापूर-चंदगडकडच्या भावंडांना दिवाळीला, हा सीमेवरच्या घरांचा नेहमीचा घोळ. तुम्हाला दसरा सोयीचा का वाटतो ते कळतंय. पण पावसाळ्यात बंद केलेल्या मालप्याच्या बोटी समुद्र निवल्यावरच सुरू होतात. कधी सप्टेंबर संपता संपता, कधी ऑक्टोबर अर्धा सरल्यावर. खिडकी उघडली असली तरी दोन दिवस चालू, एक दिवस बंद असं चालतं. दिवाळीनंतरपासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ सगळ्यात चांगला. नाताळात समुद्र छान, पण गर्दी एवढी की बोटीसाठी दोन-दोन तास रांगेत. शाळेला दोन दिवस दांडी मारायची तयारी असेल तर जानेवारीत मधल्या वारी जा. एप्रिल-मेची सुट्टी लांब असते खरी, पण बेटावर सावली म्हणजे नारळाची झाडं आणि चार आडोसे, बाकी काळा तापलेला दगड. शिवाय त्या दोन महिन्यांत दूर दक्षिणेच्या महासागरातून येणाऱ्या लाटा इथे वारा नसतानाही किनाऱ्यावर आपटतात. आकाश निरभ्र असतं, पान हलत नसतं आणि बोटी बंद असतात. लोक खिडकीवाल्याशी भांडतात. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था उंच लाटांचे इशारे देते. निघायच्या आदल्या दिवशी ते बघायची सवय लावा.

पावसाळ्यात तर विचारही नको, आणि ते बोटीपुरतं नाही. जून-जुलैत यांत्रिक मासेमारीच बंद असते, म्हणजे बंदर झोपलेलं. रस्त्याचा भरवसा त्याहून कमी. २०२४ च्या जुलैत अंकोल्याजवळ शिरूरला डोंगर महामार्गावर कोसळला, आणि पुढच्याच महिन्यात कारवारचा काळी नदीवरचा जुना पूल पडला. त्या रस्त्याने मी शेकडो वेळा गेलोय. शिरूरच्या वळणावर चहाला थांबायची आमची पद्धत होती.

चार दिवसांतलं बेट कुठल्या दिवशी ठेवायचं, ह्यात सगळी ग्यानबाची मेख आहे. बहुतेक लोक ते शेवटी ठेवतात, गोड शेवटी वाढल्यासारखं. मीही ठेवायचो. २०१७ च्या डिसेंबरात आमचा गट गोकर्ण, मुरुडेश्वर, कोल्लूर करत करत शेवटच्या दिवशी सकाळी मालप्याला पोचला. ओखी चक्रीवादळ आमच्यापासून कितीतरी दूर समुद्रात होतं, इथे ऊन पडलेलं. आमचा ड्रायव्हर कडोलीचा. त्याने बंदरावर उभं राहून पाण्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "वरनं गुळगुळीत दिसतंय, खरं आत हलतंय." (आपल्याकडचं 'खरं' म्हणजे 'पण', हे पुण्याच्या वाचकांसाठी.) बोटी बंद. गटात शहापूरची एक आजी होती, तिने नातीला बेटावरचे शंख दाखवायचं कबूल केलं होतं. सव्वीस माणसं साडेतीनशे किलोमीटर येऊन मासळी बाजार बघून परत गेली. तेव्हापासून माझा नियम ठरला: बेट दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि तिसऱ्या दिवसाची सकाळ मोकळी. दुसऱ्या दिवशी जमलं तर तिसऱ्या सकाळी उडुपीचा कृष्णमठ. नाही जमलं तर मठ आधी आणि बेट नंतर. देव कुठे पळून जात नाही, समुद्र मात्र रोज एकसारखा नसतो.

सकाळच का, तर दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटतो आणि पाणी खवळतं. पहिल्या-दुसऱ्या बोटीत जागा मिळाली तर जाताना सपाट पाणी, येतानाही बरं. मोठ्या बोटी बंदरातून सुटतात आणि पुरेशी माणसं जमल्याशिवाय हलत नाहीत. किनाऱ्यावरून स्पीडबोटीही जातात. मुलं स्पीडबोटीसाठी नाचतील, पण सासऱ्यांच्या कमरेचा विचार करा. लाटेवर आपटत आपटत जाणाऱ्या त्या बोटीत पाठीचा मणका वाजतो. मोठी बोट धरा, मधल्या बाकावर किंवा मागे, खालच्या बाजूला बसा. बोटीच्या पुढच्या नाकाडावर बसून फोटो चांगले येतात, पण झुलायला सगळ्यात जास्त तिथेच होतं.

बोट लागणाऱ्यांसाठी: निघायच्या आधी इडली, फार तर दोन. तळलेलं काही नको. डॉक्टरांनी दिलेली गोळी बोटीत बसल्यावर घेऊन उपयोग नाही, निदान अर्धा तास आधी पोटात पाहिजे. लहान मुलीला कुठली आणि किती द्यायची हे तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. आलेपाकाच्या वड्या जवळ ठेवा. मोबाइलमध्ये डोकं घालू नका, लांबच्या क्षितिजाकडे बघत बसा.

सासूबाईंबद्दल सांगतो, त्यांना ओढून नेऊ नका. भीती वाटणारं माणूस बोटीत उभं राहतं, दुसऱ्याचा हात धरतं आणि चढता-उतरता तिथेच पाय घसरतो. मालप्याला पाण्यात आत गेलेला सी-वॉक बांधलाय, बसायला जागा आहे, समुद्र तीन बाजूंनी दिसतो. त्यांना तिथे सासऱ्यांबरोबर दोन तास निवांत बसू द्या. माझ्या गटातल्या पाच-सहा आज्या दरवेळी असंच करतात, आणि परत आल्यावर त्यांच्याकडेच सांगायला जास्त असतं. कुठली ट्रॉलर आली, कुणी किती जाळी ओढली, कुणाची कुणाशी बाचाबाची झाली.

भरती-ओहोटीचा हिशेब कोकणातले जुने लोक तिथीवरून करतात, तो इथेही चालतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. षष्ठी असेल तर सहाची पाऊणपट साडेचार, म्हणजे साडेचारच्या सुमारास भरती आणि साडेदहाच्या आसपास ओहोटी. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, पण सहल ठरवायला पुरतं. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाण्याची चढ-उतार कमी. म्हाताऱ्या माणसांना उतरवायचं असेल तर भांगाचे दिवस बरे. पूर्ण ओहोटीला शेवाळाचे दगड उघडे पडतात आणि मोठी बोट जवळ येत नाही. मग छोट्या बोटीत बदली करावी लागते, गुडघ्यापर्यंत पाण्यात उतरावं लागतं. पण मुलांना खेकडे, डबक्यातले इवले मासे बघायचे असतील तर ओहोटीसारखी मजा नाही. तेरा वर्षांच्या मुलाच्या वहीत हे गणित घालून द्या, सुट्टीत तेवढाच अभ्यास.

बेटावर काय आहे? वाळू फारशी नाही. पायाखाली शंख-शिंपल्यांचा चुरा, चालताना कराकरा वाजतो. अनवाणी चालू नका आणि गुळगुळीत तळाच्या चपलाही नकोत, मागे पट्टा असलेले सँडल घाला. आणि मग ते खांब. पाच-सहा कोनांचे दगडी खांब, शेजारी शेजारी उभे, जणू कुणी पेन्सिलींचा जुडगा उभा बांधून ठेवलाय. कुठे ते तिरके झालेत, कुठे वरून नीट कापल्यासारखे, त्यावर मुलं एका खांबावरून दुसऱ्यावर उड्या मारतात. तुमच्या मुलीला सांगा: उन्हाळ्यात तळ्यातलं पाणी आटलं की चिखल वाळून त्याला कशा भेगा पडतात, तुकडे कसे कोनाकोनाचे होतात? इथे चिखलाऐवजी लाव्हा होता. तो वरून आणि खालून थंड होत आकसला, भेगा आत आत उतरत गेल्या आणि खांब सुटे झाले.

आपल्या बेळगावचा काळा दगडही लाव्ह्याचाच, पण तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, दख्खनच्या पठाराबरोबरचा. मालप्याचा हा दगड त्याहून जुना, सुमारे ८.८ कोटी वर्षांचा. त्या काळी भारत आणि मादागास्कर एकमेकांना चिकटलेले होते. ते वेगळे होऊ लागले तेव्हा जमीन फाटली आणि हा लाव्हा वर आला. म्हणजे तुम्ही ज्या खांबावर बसून पॉपकॉर्न खाता, त्याचा भाऊबंद दगड आफ्रिकेच्या बाजूला मादागास्करमध्ये आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने १९७९ मध्ये ह्याला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक ठरवलं. तसला फलक बेटावर आहे. फलकापुढे उभं राहून सेल्फी काढणारे शंभर, वाचणारा एखादा. मुंबईला अंधेरीत गिल्बर्ट हिल कुणी बघितला असेल तर त्याला हे खांब ओळखीचे वाटतील. तिथे ते इमारतींच्या गराड्यात आहेत, इथे समुद्राच्या.

शंख खिशात भरू नका. मुलीला एखादा उचलून बघू द्या, कानाला लावू द्या आणि तिथेच ठेवायला सांगा. रोज हजारो माणसं येतात, प्रत्येकाने मूठभर नेले तर बेटाचं काय उरेल? पाणी घरून स्टीलच्या बाटलीत न्या, प्लास्टिक आणि दारू नेऊ देत नाहीत, पिशव्या तपासतात. बेटावर मुक्काम नाही. पोहायला ठरवून दिलेली जागा आहे, तिच्या बाहेर गेलं की रक्षक शिट्टी मारतो. त्याच्याशी वाद घालू नका. खडकांमध्ये पाणी कसं ओढतं ते त्याला ठाऊक आहे. तिकिटाचे दर मोसमागणिक बदलतात, खिडकीवर लिहिलेला दर बघूनच पैसे द्या. एक तास पुरतो, दीड तास झाला तर उत्तम. बेट तेवढंच आहे, अर्ध्या तासात चालून संपतं.

आता स्कूबा. नेत्राणीचं पाणी मोसमात इतकं नितळ असतं की बोटीतूनच तळ दिसल्याचं मुलं सांगतात. पण नऊ वर्षांच्या मुलीला डाइव्ह करता येणार नाही, साधारण दहा वर्षांची अट असते. मुलाला चालेल, तुमची सही आणि तब्येतीचा फॉर्म लागेल. सर्दी किंवा कान दुखत असेल तर लपवू नका, पाण्याखाली कानाला दडा बसला की पोराचे हाल होतात. मुरुडेश्वरहून बोट दीड-दोन तास घेते, आणि पाण्यात उतरण्याआधी तिथेच निम्मी मंडळी ओकून मोकळी होतात. हे बेटावर उतरणं नव्हे. बेटाच्या बाजूला बोट नांगरून पाण्यात शिरायचं. म्हणून घरच्या बाकीच्यांनी सोबत जाण्यात फारसा अर्थ नाही. एक पालक आणि मुलगा जाईल, बाकीच्यांनी मुरुडेश्वरची शंकराची मूर्ती बघावी, गोपुरात लिफ्टने वर जावं.

ह्यात एक गोष्ट आपल्या बेळगाव-खानापूरच्या लोकांच्या लक्षात येत नाही, आणि कुणी सांगतही नाही. डाइव्हनंतर लगेच विमानात बसायचं नसतं, एका डाइव्हनंतर निदान बारा तास आणि जास्त डाइव्ह असतील तर अठरा तास थांबायचं, हे बहुतेकांना माहीत असतं. कारण उंचीवर हवेचा दाब कमी होतो आणि अंगात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊ शकतात. पण घाट चढणं म्हणजेही उंचीवर जाणंच. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटरवर आहे. सकाळी नेत्राणीला पाण्यात आणि संध्याकाळी घाट चढून घरी, हा बेत करू नका. पर्यटकांची उथळ, छोटी डाइव्ह असते, त्यात धोका कमी, तरी इन्स्ट्रक्टरला 'आम्ही आज रात्री घाटावर जाणार आहोत' असं स्पष्ट सांगून विचारा आणि तो म्हणेल ते ऐका. मी तर डाइव्हची सकाळ अशी ठेवतो की त्या रात्री मुक्काम किनाऱ्यावरच पडेल.

तुमच्या चार दिवसांत मालपे आणि नेत्राणी दोन्ही बसवायचं म्हटलं तर बसतं, पण मोकळी सकाळ जाते. माझं मत विचाराल तर ह्या खेपेला स्कूबा सोडा. मुलगा तेरा वर्षांचा आहे, समुद्र तिथेच आहे. ऐकणार नसेल तर पाचवा दिवस काढा.

रस्ता असा धरा. खानापूरहून पहाटे पाचला निघून अळणावर, हल्याळ, यल्लापूर करत अरबैल घाटाने अंकोल्याला उतरा. घाटात ट्रकांची रांग असते, ओव्हरटेक करायला जाऊ नका. अंकोल्याहून किनाऱ्याचा महामार्ग लागला की कुमटा, होन्नावर, भटकळ, कुंदापूर सरळ. थांबत थांबत संध्याकाळपर्यंत उडुपी. होन्नावरला शरावतीच्या पुलावर गाडी थांबवता येत नाही, पण वेग कमी करायला सांगा, मुखाकडे बघत राहिलात तर बसवराज दुर्गाचं बेट दिसेल. चौथ्या दिवशी परतताना कारवारवरून या, जोयडा-रामनगर मार्गे. अणशीचा घाट जंगलातून जातो, दिवसा उजेडी पार व्हायला पाहिजे, म्हणून कारवार दुपारी दोनला सोडा. गाडी नको असेल तर बेळगाव किंवा लोंढ्याहून रेल्वेने मडगाव आणि तिथून कोकण रेल्वेने उडुपी, हाही चांगला बेत. सासऱ्यांना दूधसागर डब्यातून दिसेल. पण मग परतीचं कारवार राहून जातं.

आणि कारवार सोडू नये असं मला वाटतं. सदाशिवगडाच्या टेकडीवर गाडी जाते. वर उभं राहिलं की काळी नदीचं मुख, पूल, आणि समोर कासवाच्या पाठीसारखं कूर्मगड. कूर्म म्हणजे कासव, नाव उगीच नाही. तिथे नरसिंहाचं देऊळ आहे आणि पौष पौर्णिमेच्या सुमारास जत्रा भरते. २०१९ च्या जानेवारीत ह्याच जत्रेहून परतणारी बोट उलटली आणि सोळा माणसं बुडाली. घाटावरून आलेली माणसं होती त्यात, लहान मुलं होती. कूर्मगडाला जाणाऱ्या बोटी खासगी असतात. जायचं ठरवलंत तर अंगाला बसणारं लाइफ जॅकेट प्रत्येकाला, मुलांनाही, बोट काठावर असतानाच घालायला लावा आणि बक्कल स्वतः तपासा. जॅकेट 'मागच्या पेटीत आहेत' म्हणणाऱ्याची बोट घेऊ नका. डॉल्फिन दिसला की अख्खी बोट एका बाजूला धावते, तेव्हा तुमच्या माणसांनी जागेवरच बसायचं. माझ्या गटात हे मी बोटीत बसण्याआधी ओरडून सांगतो, लोक हसतात, हसू देत.

अंजदीवबद्दल सासऱ्यांना गाडीत सांगायला चार गोष्टी देतो, कारण तिथे उतरता येत नाही. ते आयएनएस कदंब ह्या नौदलाच्या तळाच्या हद्दीत आहे. फोटोही काढू नका, महामार्गावरही पाट्या आहेत. वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला आला हे शाळेत शिकलो, पण परतीच्या वाटेवर त्याच वर्षी सप्टेंबरात त्याने मालप्याच्या बेटावर सेंट मेरीच्या नावाने दगडी खांब रोवला, तिथून ते नाव, आणि नंतर अंजदीवला थांबला. म्हणजे तुमच्या सहलीच्या दोन टोकांची बेटं त्याने एकाच आठवड्याच्या आसपास केली, तीही शिडाच्या जहाजाने. १५०५ मध्ये पोर्तुगिजांनी अंजदीववर किल्ला बांधला. पुढे १६६० च्या दशकात मुंबई इंग्रजांना आंदणात मिळाली, पण पोर्तुगीज अधिकारी ताबा देईनात, म्हणून इंग्रज सैनिक ह्या बेटावर अडकून पडले. ताप-रोगराईने शेकड्यांनी मेले, त्यांचा म्होरक्या शिपमनही इथेच गेला. शेवटी १६६५ च्या फेब्रुवारीत मुंबई त्यांच्या हातात आली. आणि त्याच फेब्रुवारीत शिवाजी महाराज जहाजांनी खाली कुंदापूरजवळच्या बसरूरवर चालून गेले होते, परतताना गोकर्ण, अंकोला, कारवार. बेटावरून जिवंत उरलेले इंग्रज मुंबई ताब्यात घेत होते आणि महाराजांचं आरमार ह्या किनाऱ्याने फिरत होतं, हे मी सांगितलं की गाडीत पाच मिनिटं कुणी चिप्सची पिशवी फोडत नाही. संभाजी महाराजांनी १६८२ मध्ये हे बेट बळकट करायचं मनात घेतलं, तेव्हा पोर्तुगिजांनी घाईने ते आधी गाठलं. आणि १९६१ च्या डिसेंबरात गोवामुक्तीच्या वेळी आपल्या नौदलाचे सात जवान ह्या बेटावर उतरताना गेले. एवढ्याशा दगडाच्या तुकड्यासाठी इतकी माणसं.

जेवणाचं थोडक्यात सांगतो, नाहीतर लिहीतच बसेन. कारवारात कोकणी चालते, आपलं मराठी तर सगळ्यांना कळतं. मालप्याला मोगवीर, म्हणजे तिथले कोळी, तुळू बोलतात, आपलं बेळगावी कानडी ऐकून ते हसतात पण मदत करतात. मासे मागताना नाव बदलतं. आपली सुरमई कारवारात विसवण, मालप्याला अंजल. मुडदुशी हवी असेल तर 'काणे' म्हणा. नीर डोसा म्हणजे आपलं घावन, त्याहून मऊ. सासूबाई उपवासाच्या असतील तर मठाच्या आजूबाजूला चिंता नाही. तिथेच त्यांना सांगा, उडुपीच्या कृष्णाची मूर्ती द्वारकेहून येणाऱ्या जहाजात गोपीचंदनाच्या ढेकळात होती. ते जहाज मालप्यासमोर वादळात सापडलं आणि मध्वाचार्यांनी किनाऱ्यावरून उपरणं हलवून त्याला वाट दाखवली, अशी कथा आहे. बोटीला न गेलेल्या माणसाला ही कथा फार आवडते.

नाताळ पक्का करू नका एवढ्यात. जानेवारीतले तुमच्या सोयीचे दोन-तीन आठवडे कळवा, पंचांगात भांग कधी पडतं ते बघून कुठल्या सकाळी बंदरावर उभं राहायचं ते सांगतो.